वस्तीतल्या लोकांसोबत बसून मोबाईलचं टूल कसं बनवायचं

अधूनमधून कोणीतरी विचारतंच की आम्हाला वस्तीतल्या बायकांसाठी, किंवा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या लोकांसाठी, किंवा दिव्यांगांसाठी ॲप बनवायचंय, सुरुवात कुठून करू. कधी इंजिनिअरिंगची पोरं असतात, कधी सीएसआरवाले (कंपन्यांच्या समाजकार्याच्या फंडातून काम करणारे), कधी एखादी संस्था जिला फंड मिळालाय आणि मार्चच्या आत खर्च करायचाय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते. उदाहरणं बहुतेक पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांची येतील कारण ते काम मी जवळून बघते, पण नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर असोत नाहीतर हातगाडीवाले, पद्धत साधारण हीच.

पहिली गोष्ट, ॲप बनवायचंय असं ठरवून वस्तीत जाऊच नका. काय बनवायचं आणि मुळात काही बनवायचं का, हे तिथल्या लोकांनी ठरवायचं, आणि "नको" म्हणायचा हक्क त्यांना सुरुवातीलाच द्यायचा, नाहीतर तुम्ही ज्याला को-क्रिएशन (लोकांसोबत मिळून बनवणं) म्हणताय ते म्हणजे तुमच्या डिझाईनवर त्यांच्या सह्या. आमच्याकडचंच बघा. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, पण नोंदणीला मालकाचा दाखला लागतो आणि कित्येक घरांतल्या मॅडम तो देत नाहीत, त्यांना वाटतं उद्या ही बोनस नाहीतर पगारी सुट्टी मागेल. आता तुम्ही नोंदणीचं कितीही गोड ॲप बनवा, तो दाखला काही त्यातून बाहेर पडणार नाही. तिथे बायकांनी चार जणींनी मिळून सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटणं जास्त कामाचं. हे बोलण्यातून लवकर कळलं तर तुमचे पैसे वाचले समजा.

फोन कुणाचा आहे ते विचारा

"तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, सगळे हो म्हणतात. खोदून विचारा. फोन दिवसा कुणाकडे असतो? लॉक कुणाला माहितीये? रिचार्ज कोण मारतं? आधारला कुठला नंबर लिंक आहे आणि तो अजून चालू आहे का? घरात एक फोन असतो, तो सकाळी पोराच्या खिशात जातो, ओटीपी आला की तो वाचून दाखवायला संध्याकाळी घरी येतो, तोवर ओटीपीची वेळ कधीच संपलेली. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांचंही स्टोरेज फुल, गुड मॉर्निंगचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ, नवीन ॲप टाकायचं तर आधी नातवाचे फोटो काढा, कोण काढेल?

यातून एक तांत्रिक नियम निघतो जो डेव्हलपरला पहिल्याच दिवशी सांगा: माणसाची ओळख मोबाईल नंबरवर टांगू नका. रिचार्ज संपला की नंबर बंद पडतो, बाई नवीन सिम घेते, आणि काही महिन्यांनी जुना नंबर कंपनी दुसऱ्याच कुणाला तरी देते. तुमचा मेसेज, ज्यात तिचं नाव आणि पेन्शनचा तपशील आहे, तो मग कुणा अनोळखी माणसाकडे. एक साधा टोकन नंबर कार्डावर लिहून द्या, मोबाईल नंबर कधीही बदलता येईल असा ठेवा.

आणि फोनमागचा माणूस शोधा. प्रत्येक वस्तीत दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणारे ठरलेले लोक असतात, अंगणवाडी सेविका, आशाताई, रिचार्जच्या दुकानातला मुलगा, दहावीतली एखादी हुशार पोरगी. २०२४ ला लाडकी बहीणचे फॉर्म आले तेव्हा कितीतरी बायकांचे फॉर्म अशाच कोणीतरी भरून दिले. तुमचं टूल वापरणारी व्यक्ती प्रत्यक्षात हीच असणार आहे, म्हणून तिला पहिल्या बैठकीपासून घ्या, पण तिच्यासमोर बाकीच्या बायका किती मोकळं बोलतात तेही बघा. रिचार्जवाल्या मुलाला सगळ्यांचे नंबर माहीत असतात आणि हे काही बायकांना अजिबात आवडत नाही, फक्त त्याच्यासमोर ते कोणी बोलणार नाही.

कुठे बसायचं, किती वाजता, कुणाच्या पैशाने

घरकामवाल्या बायका साधारण दुपारी अडीच ते चार मोकळ्या असतात, त्यातही पाणी यायची वेळ असेल तर नाही. तुमच्या ऑफिसच्या वेळेला सकाळी अकराला वर्कशॉप ठेवलंत तर त्यांना खाडा करावा लागतो आणि महिन्याच्या शेवटी मॅडम तो कापतात. म्हणून जितके तास बोलवाल तितक्याचे पैसे द्या, त्याच दिवशी, हातात. चहा-बिस्कीट आणि सर्टिफिकेट हा मोबदला नाही. तुमच्या यूएक्सवाल्याला, म्हणजे स्क्रीन डिझाईन करणाऱ्याला, दिवसाचे किती देता तो आकडा डोळ्यासमोर ठेवा म्हणजे घासाघीस करायची इच्छा होणार नाही. फंड देणारे विचारतात की पैसे दिले तर लोक तुम्हाला आवडेल तेच बोलतील ना, तर माझा अनुभव उलटा आहे, फुकट आलेला माणूस लवकर सुटावं म्हणून हो हो करतो, पैसे घेतलेली बाई म्हणते हे बटण भंकस आहे.

जागा म्हणजे लगेच समाजमंदिर डोक्यात येतं. सोपं आहे, पण किल्ली कुणाकडे असते बघा. बहुतेक वेळा कुठल्या तरी मंडळाच्या किंवा माजी नगरसेवकाच्या माणसाकडे, आणि मग जे त्या गटातले नाहीत ते येत नाहीत, भाड्याने राहणारे बिहार-यूपीचे किंवा लातूर-नांदेडकडून आलेले येत नाहीत, तृतीयपंथी तर बाहेरच्या बाहेर. आणि खरं तर सगळ्यात जास्त अडलेले तेच असतात. एक बैठक तिथे घ्या, एक अंगणवाडीत, एक कुणाच्या तरी दारात पायरीवर. भिशीचा दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं, बायका आधीच जमलेल्या असतात, पैशाचं बोलणं चालू असतं, तुम्ही फक्त गप्प बसून ऐकायचं.

कोड लिहायच्या आधी

पहिल्या टप्प्यात लॅपटॉप उघडू नका. जुन्या लग्नपत्रिका गोळा करा, मागची कोरी बाजू फोनच्या स्क्रीनएवढी कापा, एकेका कार्डावर एकेक स्क्रीन काढा. एक कार्यकर्ती फोन बनते, बाई कार्डावर बोट ठेवते, फोन पुढचं कार्ड देतो. हसतखेळत होतं आणि तासाभरात जे कळतं ते महिनाभराच्या सर्व्हेत कळत नाही.

जन्मतारखेच्या कार्डाचंच सांगते. डिझाईनमध्ये कॅलेंडर होतं, २०२४ वरून मागे मागे जायचं. एका मावशींनी आधार कार्ड काढून पुढे धरलं, त्यावर १ जानेवारी. शेजारच्या दोघींनी आपापली काढली, एकीची तीच १ जानेवारी. आधार काढताना नेमकी तारीख माहीत नव्हती म्हणून वर्ष अंदाजे आणि तारीख ठोकून दिलेली. मावशी म्हणाल्या, "मला साल विचार गं, कोयनेच्या भूकंपाला मी रांगत होते एवढं आई सांगायची." म्हणजे १९६७. तेव्हापासून आमच्या फॉर्ममध्ये फक्त साल असतं, तेही ऐच्छिक, आणि विचारणारीकडे अशा आठवणीतल्या घटनांची यादी असते, लातूरचा भूकंप १९९३, वगैरे.

नावाचंही तसंच, माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, बँकेत तिसरंच स्पेलिंग. एकच "पूर्ण नाव" असा रकाना ठेवला की घोळ झालाच म्हणून समजा, दोन-तीन नावं लिहायची सोय हवी. पत्त्याला पिनकोड आणि सोसायटीचं नाव सक्तीचं करू नका. वस्तीत पत्ता म्हणजे अमुक गल्ली, नळाच्या पुढे, रेशन दुकानाच्या मागे, आणि पोस्टमनला तो बरोबर कळतो.

कार्डांनंतर लगेच सॉफ्टवेअर नाही. एक फोन नंबर घ्या, त्यामागे एक माणूस बसवा, आणि जी सेवा तुम्ही ॲपने देणार होतात ती काही आठवडे हाताने द्या. बायका मिस्ड कॉल देतील, तुम्ही उलटा फोन करा (त्यांचं आउटगोइंग बंद असलं तर मिस्ड कॉलही येत नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी वस्तीत एक जण बसलेला हवाच). प्रत्येक प्रश्न वहीत लिहा. वही भरली की कळतं की आपण योजनांची माहिती देणारं काहीतरी बनवायला निघालो होतो, आणि लोक विचारतायत रेशनची ई-केवायसी करताना अंगठा का उमटत नाही. भांडी-धुणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही, हे प्रश्न वहीत पानापानावर सापडतील. मग बनवायचं काय ते आपोआप ठरतं, आणि कधी कधी ते टूल म्हणजे एक छापील कागद आणि आठवड्यातून एकदा वस्तीत येणारा माणूस एवढंच असतं. चालेल ना, काय बिघडलं.

आवाज, अक्षर, लिंक

वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज, हे सगळेच बोलतात, आणि व्हॉइस नोट खरंच भारी चालते. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं असताना फोन स्पीकरवरच ऐकला जातो. "तुमची टीबीची गोळी घ्यायची वेळ झाली" हे सासूने, दिराने, शेजारच्या भिंतीने सगळ्यांनी ऐकलं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मदत मागितलेल्या बाईला परत आलेला फोन काय बोलेल, हे त्या बायकांनाच विचारून ठरवा. साधारण उत्तर असं येतं की फोनने काहीच बोलू नये, फक्त "ताई, भिशीचा हप्ता राहिलाय" असं काहीतरी आधी ठरलेलं.

शिवाय नुसता आवाज ठेवला की कर्णबधिर बाहेर पडले. आणि नुसती अक्षरं ठेवली, त्यातही फोटोत टाईप केलेलं पोस्टर पाठवलं, की अंध माणूस बाहेर, कारण टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधली स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय) फोटोतलं मराठी नीट वाचेलच याचा भरवसा नाही. मजकूर युनिकोडमध्ये (फोनवर साधं मराठी टाईप करतो तसा), मेसेजमध्येच टाका, सोबत तेच बोललेली व्हॉइस नोट. टॉकबॅक चालू करून डोळे मिटून स्वतःचं टूल एकदा वापरून बघा, पण खरी चाचणी रोज टॉकबॅक वापरणाऱ्या माणसानेच करायची, त्याचा वेग आणि सवयी वेगळ्या असतात.

लिंकचं दुखणं वेगळं. बँक, पोलीस, नातवंडं सगळे सांगतात लिंकवर बोट ठेवू नका, फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा, आणि मग आपणच लिंक पाठवतो की इथे क्लिक करून नोंदणी करा. म्हातारी माणसं घाबरतात ते बरोबरच आहे. लिंक पाठवूच नका. नंबर रेशन दुकानाबाहेर, दवाखान्यात, अंगणवाडीत छापून लावा, आणि ओळखीच्या ताईने एकदा समोरासमोर सांगितलेलं असू दे.

व्हॉट्सॲप ग्रुप करताना जपून, ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि बायकांना रात्री फोन यायला लागतात. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकीला वेगवेगळा जातो) बरी, पण तिचा मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून बैठकीतच बसून प्रत्येकीच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्या, फोटोसकट, म्हणजे वाचता येत नसलं तरी चेहऱ्यावरून कळतं.

यादी कुणाच्या हातात

माहिती कमीत कमी घ्या. आधारची झेरॉक्स कशाला हवी? जात, धर्म, मूळ गाव, कधीपासून राहता, हे विचारायच्या आधी स्वतःला विचारा की ही यादी उद्या अतिक्रमण विभागाच्या किंवा निवडणुकीच्या माणसाच्या हाती पडली तर काय होईल. मुंबईत १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांवर झोपडी पात्र की अपात्र ठरते, त्यामुळे "कधी आलात" हा प्रश्न वस्तीत साधा नसतो. नगरसेवकाचा माणूस "जरा यादी द्या ना" म्हणत येतोच, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते बायकांच्या बैठकीत आधीच ठरलेलं हवं, म्हणजे तुमच्या एकट्या कार्यकर्तीवर दबाव येत नाही.

उलट बाजूही आहे. लोकांनी स्वतः मोजलेली माहिती हे हत्यार असतं. १९८५ ला सुप्रीम कोर्टाने फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला परवानगी दिली, त्याच वर्षी मुंबईत स्पार्क संस्थेने भायखळ्याच्या बाजूच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांना सोबत घेऊन त्यांची गणना केली, जे तोवर कुठल्याच सरकारी हिशोबात नव्हते. तेव्हा कुठलं डिजिटल, कागद-पेन. म्हणून गोळा केलेलं सगळं वस्तीला परत द्या, छापून, मोठ्या अक्षरात, नावं काढून.

कायदाही बघून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट हवी, ती मागे घेता यायला हवी, आणि नोटीस मराठीत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. १८ च्या खालच्यांसाठी पालकांची संमती. फक्त "मी सहमत आहे" वर टिक मारून घेऊ नका, चार वाक्यांत मोठ्याने वाचा आणि समोरचीला तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. सांगता आलं नाही तर तुमची नोटीस चुकलीये, बाई नाही.

प्रोजेक्ट संपल्यावर

हे पहिल्या महिन्यात ठरवा, शेवटच्या नाही. सिम कुणाच्या नावावर, एसएमएसचं बिल कोण भरणार, डोमेन कधी संपतं, पासवर्ड कुणाकडे. तुमच्या इंटर्नच्या जीमेलवर सगळं उभं असेल तर तो बेंगलोरला गेला की संपलं. वस्तीतल्या निदान दोघींना ॲडमिन करा आणि मेसेज पाठवणं, चुकलेला काढणं, नाव वगळणं हे सगळं त्यांच्याकडून आधीच करून घ्या, तुम्ही शेजारी बसून, हात न लावता. त्यांच्या या कामाचा महिन्याचा मोबदला बजेटमध्ये वेगळा दाखवा, स्वयंसेवा म्हणून ढकलू नका.

बंदच करायची वेळ आली तर निदान महिनाभर आधी सांगा, बैठकीत आणि त्याच नंबरवर रेकॉर्डिंग ठेवून, आणि बायकांनी दुसरीकडे कुठे जायचं ते नावागावासकट. माहिती पुसून टाका, पुसताना ॲडमिन बायका समोर हव्यात. आणि रेशन दुकानाबाहेर, दवाखान्यात जिथे जिथे नंबर चिकटवलाय ते कागद स्वतः जाऊन काढा, नाहीतर काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळेल आणि त्याला रोज फोन येतील की भाऊ, माझी पेन्शन का थांबली.