ऑटोमॅटिक गाडी, घाट आणि ‘एम’ मोड : या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो. गाडी नवी, एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप बदलणारी. पाच माणसं आणि डिकीभर सामान. लीव्हर ‘डी’मध्ये (गिअर गाडीच ठरवते), उजवा पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. आंबेनळी घाट निम्मा उतरला असेल, तेव्हा मागून आई म्हणाली, “अरे, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय.” मला वाटलं, बाहेरचा असेल. पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, तेव्हा छातीत धस्स झालं. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून धग येत होती.

लीव्हर ‘एम’कडे, म्हणजे मॅन्युअलकडे, सरकवला की गिअर आपल्या हातात येतो, हे मला माहीत होतं. गाडी घेताना दाखवलंही होतं. पण ते गाडी जोरात पळवणाऱ्यांसाठी असतं, असं मी धरून चाललो होतो. ही समजूत फार जणांची आहे आणि बाकीच्या चुका तिच्यातूनच निघतात.

गिअरबॉक्सच्या संगणकाला गाडीचा वेग कळतो, इंजिनचे फेरे कळतात, ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते कळतं. काही गाड्यांना चढ-उतारही जाणवतो. पण पुढचं वळण, त्यामागून येणारी एसटी, रस्त्यावर आलेली माती हे आपल्या सर्वसाधारण गाड्यांतल्या गिअरबॉक्सला दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. ‘एम’ मोड म्हणजे तुम्हाला दिसलेलं गाडीला सांगायची सोय.

उतारावर ‘डी’ आणि ब्रेक, एवढ्यावरच भिस्त

उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या, विशेषतः एएमटी, वरचा गिअर टाकतात. त्यांच्या लेखी गाडीला ताकद नको आहे. मग चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिनचा अटकाव, म्हणजे इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं तो, फारसा उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तो किती, याचा हिशोब करून बघा. माणसांसकट दीड टनाची गाडी हजार मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे चार युनिट वीज होईल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. म्हणजे एक हजार वॉटचा हीटर सलग चार तास. थोडी हवेच्या आणि टायरच्या रोधात जाते, बाकीची ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन साठते. पॅड फार तापले की त्यांची पकड घटते. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ताजं ‘डॉट ४’ दर्जाचं ब्रेक ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण ओल धरलेल्याचा ठरवून दिलेला किमान उत्कलनांक १५५ अंशच आहे. ऑइल उकळलं की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दबत जातं. म्हणूनच हे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी कमी फिरली असली तरी.

जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. ऑटोमॅटिकलाही हाच नियम लागू. उतार सुरू होण्याआधी ‘एम’मध्ये या आणि दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवा. इंजिनचा आवाज वाढेल, फेरे तीन हजारांच्या आसपास जातील. त्याला घाबरू नका. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आजचं फ्युएल इंजेक्शन इंजिन उतारावर इंधनाचा पुरवठा बंद करतं, चाकंच इंजिनला फिरवतात. नवख्यांना वाटतं आवाज म्हणजे पेट्रोल जळतंय. तसं नसतं. उलट ‘बचत’ म्हणून न्यूट्रल टाकणाऱ्याच्या गाडीला बंद पडू नये म्हणून इंधन लागतं आणि इंजिनचा अटकाव शून्य होतो. उतारावर न्यूट्रल कधीही नको.

वळणात शिरल्यावर गिअर उतरवणं

गिअर सरळ रस्त्यावरच कमी करा, वळणाच्या आधी. वळता वळता तिसऱ्याचा दुसरा टाकला तर पुढच्या चाकांना एकदम अटकाव होतो. ओल्या रस्त्यावर, शेवाळावर किंवा पहिल्या पावसाच्या चिकचिकाटात तेवढ्यानेही चाकं घसरू शकतात. शिवाय एएमटीमध्ये गिअर बदलताना क्लच सुटतो आणि क्षणभर गाडी मोकळी धावते. तो क्षण वळणाच्या मध्यावर नको.

चढावर गिअरबॉक्सला घुटमळू देणं

चढावर गाडी दुसरा-तिसरा-दुसरा करत राहते, हा अनुभव सगळ्यांचा. वळणावर पाय हलका केला की वरचा गिअर, वळण संपून दाबलं की पुन्हा खालचा. ‘एम’मध्ये दुसरा धरून ठेवा, घुटमळणं थांबतं. एएमटीत प्लस करताना, म्हणजे वरचा गिअर घेताना, ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडा, तो मान पुढे जाणारा झटका बराच कमी होतो.

चढावरच्या कोंडीत मात्र मोड कुठलाही असो, ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी तोलू नका. एएमटीत आणि ड्युअल क्लच (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गाडीत त्याने क्लच घासतो, तापतो. ब्रेक किंवा हँडब्रेक लावून थांबा, पुढे जागा झाली की निघा. क्लच तापल्याची सूचना आलीच, तर सुरक्षित जागी थांबून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्याला निवू द्या. दामटू नका.

बिघाड नसतो ते

“गाडी गिअरच बदलत नाही, नुसती ओरडते, मायलेजही पडलंय.” सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी डॅशबोर्डवर बघा, आकड्याआधी ‘एम’ दिसतोय का. शहरात लीव्हर नकळत बाजूला सरकतो आणि माणूस दुसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने जात राहतो. स्पोर्ट मोड चालू राहिला तरी असंच वाटतं.

मायनस केलं, म्हणजे खालचा गिअर मागितला, आणि गाडीने गिअर बदललाच नाही, किंवा टूं वाजलं : त्या वेगाला खालचा गिअर टाकला असता तर इंजिनचे फेरे मर्यादेपलीकडे गेले असते, म्हणून संगणकाने नकार दिला. आधी ब्रेकने वेग कमी करा, मग मायनस. वेग फार पडला की गाडी आपणहून खालचा गिअर घेते, तेही ठीकच. ‘डी’मध्ये असताना स्टिअरिंगमागचं पॅडल (गिअर बदलायची पट्टी) ओढलं आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा ऑटोमॅटिक झाली, तर बहुतेक गाड्यांत तसंच ठरवलेलं असतं. लांब उतारासाठी लीव्हरच ‘एम’मध्ये हवा.

दुसऱ्याची गाडी चालवत असाल तर प्लस पुढे आहे की मागे, हे निघण्याआधी बघून घ्या. सगळ्या कंपन्यांचं सारखं नाही, आणि हाताला चुकीची सवय असली तर ऐन वळणावर मायनसऐवजी प्लस होतं.

सीव्हीटी हा ऑटोमॅटिकचाच एक प्रकार, त्यात खरे गिअर नसतात, पट्ट्याच्या पुलीच्या ठरावीक स्थितींना ‘गिअर’ म्हटलेलं असतं. पण अटकाव खरा मिळतो, तेव्हा वापरा. मॅन्युअल मोड नसेल तर ‘एल’ किंवा ‘एस’ असेल, काही हायब्रीडला ‘बी’; उतारावर तेच वापरा. इलेक्ट्रिक गाडीचे पॅडल गिअर बदलत नाहीत, मोटरकडून मिळणारा अटकाव कमी-जास्त करतात. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती ऊर्जा साठवायला जागा नसते आणि हा अटकाव बराच घटतो. महाबळेश्वरला मुक्कामी चार्ज करून सकाळीच उतरणार असाल तर नव्वदच्या आत थांबा.

वास आलाच तर

जमेल तितक्या लवकर खालचा गिअर घ्या आणि रुंद जागा बघून थांबा. गरम डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. वाहनं जात असलेल्या बाजूला उतरू नका. आम्ही त्या दिवशी पाऊण तास थांबलो. पेडल पुन्हा घट्ट लागल्याची खात्री करून दुसऱ्या गिअरमध्ये निघालो. उरलेल्या घाटात ब्रेकला पाय लावावा लागला तो वळणांपुरताच. पोलादपूरला उतरून चाकाजवळ हात नेला, तर ते कोमट होतं.