खंबाटकीच्या पलीकडचे पद : मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत वरिष्ठ नेतृत्वाची जागा कशी मिळवावी

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाड्या खंबाटकी घाटात अडकतात, तेव्हा त्यांत पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेले कितीतरी अभियंते आणि व्यवस्थापक बसलेले असतात. त्यांतल्या अनेकांनी गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा अ‍ॅमेझॉनमधील डायरेक्टरच्या जागेसाठी अर्ज केलेला असतो आणि त्याला उत्तर आलेले नसते. आपले इंग्रजी कमी पडले किंवा कॉलेज लहान ठरले, असा निष्कर्ष ते काढतात. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला काही वर्षे बसल्यानंतर मला हे कारण क्वचितच खरे वाटते. बहुतेक वेळा उमेदवाराने स्वतःचा निर्णय कोठे होता, हेच सांगितलेले नसते.

तरीही अर्जाच्या आधी पदाची उंची मोजून घ्यावी. बँकेच्या तंत्रज्ञान विभागातील व्हाइस प्रेसिडेंट आणि अ‍ॅमेझॉनमधील व्हाइस प्रेसिडेंट यांत नावापलीकडे फारसे साम्य नसते. अ‍ॅमेझॉनमध्ये सातव्या श्रेणीत सिनिअर मॅनेजर, आठव्या श्रेणीत डायरेक्टर आणि थेट दहाव्या श्रेणीत व्हाइस प्रेसिडेंट येतो. नववी श्रेणी तेथे नाहीच. त्यामुळे जाहिरातीतील पदनाम बाजूला ठेवून रिक्रूटरला, म्हणजे कंपनीच्या वतीने भरती पाहणाऱ्याला, श्रेणी विचारावी आणि त्या श्रेणीच्या माणसाकडे किती व्यवस्थापक असतात, किती खर्चाचा निर्णय तो स्वतः घेतो, किती वर्षांपुढची आखणी त्याच्याकडून अपेक्षित असते, हे जाणून घ्यावे. ग्राहकांना सॉफ्टवेअर सेवा पुरवणाऱ्या कंपनीत दोनशे माणसे सांभाळलेल्या व्यवस्थापकाला येथे धक्का बसतो, कारण सेवा कंपनीत काय बांधायचे हे ग्राहक ठरवतो आणि या मोठ्या कंपन्यांत नेमके तेच ठरवता येते का, हे तपासले जाते. एक श्रेणी खालून प्रवेश करावा लागला तर तो अपमान मानू नये. सत्या नडेला १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाले आणि २०१४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. सुंदर पिचाई यांनी गूगलमधील तोच प्रवास २००४ ते २०१५ या काळात केला. थॉमस कुरियन दोन दशकांहून अधिक काळ ऑरेकलमध्ये काढून थेट गूगल क्लाउडच्या प्रमुखपदी गेले हे खरे, पण अशा थेट नेमणुका थोड्या असतात.

आता आपल्याकडच्या लोकांना सर्वाधिक नडणाऱ्या गोष्टीकडे येतो. सातारा-सांगलीच्या बोलण्यात माणूस स्वतःलाही ‘आम्ही’ म्हणतो आणि ‘मी केले’ असे म्हणणे त्याला आगाऊपणाचे वाटते. ही सवय इंग्रजी मुलाखतीतही सोबत येते. ‘आम्ही प्रणाली क्लाउडवर नेली, आम्ही खर्च कमी केला,’ असे पाऊण तास ऐकल्यावर समोरचा आपल्या टिपणात लिहितो की उमेदवाराचा स्वतःचा वाटा स्पष्ट झाला नाही, आणि तेथेच गाडी थांबते. यावर उपाय बढाई मारण्याचा नाही. गेल्या सात-आठ वर्षांतले आठ-दहा प्रसंग निवडावेत आणि प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहाव्यात: परिस्थिती काय होती, कोणकोणते पर्याय समोर होते, त्यांतला एक मी का निवडला, आणि परिणाम आकड्यांत किती झाला. श्रेय संघाला द्यावे, पण निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या नावावर लिहावी. ज्या प्रसंगात ‘मी तेथे नसतो तर काय वेगळे झाले असते’ याचे उत्तर सापडत नाही, तो प्रसंग वगळावा, मग प्रकल्प कितीही मोठा असो.

या प्रसंगांत एक तरी खरे अपयश असलेच पाहिजे. ‘मी फार काम करतो, हाच माझा दोष’ यासारखी उत्तरे वरिष्ठ पदाच्या मुलाखतीत हास्यास्पद ठरतात. चुकीचा माणूस नेमला, सहा महिने उशिरा काढला आणि त्यापायी चांगली दोन माणसे गमावली, असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास बसतो. बरोबरीच्या पदावरील सहकाऱ्याशी झालेला मतभेद आणि वरिष्ठांना दिलेला नकार, हे दोन प्रसंगही तयार ठेवावेत.

लेखनाचा सराव टाळू नये. अ‍ॅमेझॉनने २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकांत पॉवरपॉइंट बंद करून सहा पानांचे सलग टिपण वाचण्याची पद्धत आणली. स्लाइडवर अर्धवट शब्दांत लपणारा कच्चा विचार सलग वाक्यांत लगेच उघडा पडतो. म्हणून आपल्या एखाद्या मोठ्या निर्णयावर, गोपनीय तपशील वगळून, दोन पाने लिहावीत आणि त्या क्षेत्रातील नसलेल्या मित्राकडून वाचून घ्यावीत.

ओळखीबद्दल आपल्याकडे दोन टोकाचे समज आहेत: काहींना रेफरल, म्हणजे कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने केलेली शिफारस, हा वशिला वाटतो आणि ते मागायला लाजतात, तर काहींना एकदा ओळख निघाली की काम झाले असे वाटते. रेफरलमुळे रेझ्युमे वाचला जाण्याची शक्यता वाढते, एवढेच. पुढचा निर्णय शिफारस करणाऱ्याच्या हाती नसतो: गूगलमध्ये मुलाखत न घेतलेल्या लोकांची समिती मुलाखतीचे कागद पाहते, आणि अ‍ॅमेझॉनमध्ये बार रेझर म्हणून ओळखला जाणारा, त्या विभागाबाहेरचा मुलाखतकार नकाराधिकार वापरू शकतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १९४७ पासूनची आहे. माजी विद्यार्थ्यांचे असे जाळे हाताशी असेल तर नोकरी न मागता आधी ‘तुमच्या विभागाची सध्याची अडचण कोणती’ हे विचारावे. अनेक वरिष्ठ जागा एक्झिक्युटिव्ह सर्च करणाऱ्या, म्हणजे कंपन्यांसाठी वरिष्ठ माणसे शोधून देणाऱ्या, संस्थांमार्फत भरल्या जातात. त्यांचे शुल्क कंपनी देते. उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

प्रस्ताव हाती आल्यावर घाई करू नये. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन आलेला शेतकरी पहिल्या बोलीला माल देत नाही, आमचा अभियंता मात्र पहिल्या आकड्याला मान हलवतो. पगार, बोनस आणि मोबदल्याचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर वेगवेगळे समजून घ्यावेत. अ‍ॅमेझॉनची अनेक वर्षांची पद्धत पाहिली तर शेअरचे ५ टक्के पहिल्या वर्षी, १५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि प्रत्येकी ४० टक्के पुढच्या दोन वर्षांत हाती येतात, म्हणून सुरुवातीची उणीव भरून काढणाऱ्या रोख रकमेची चौकशी करावी. शेअर हाती येतात त्या दिवशीच्या बाजारभावाने ते पगारी उत्पन्न धरून कर लागतो, आणि परदेशी शेअरची नोंद आयकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात करावी लागते.

घरचा प्रश्न शेवटी ठेवू नये. साताऱ्यात राहून हे पद सांभाळता येईल, या गृहीतकावर होकार देणे धोक्याचे आहे. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचा नियम केला. बंगळूर किंवा हैदराबादला जावे लागणार असेल तर आईवडिलांशी, जोडीदाराशी आणि मुलांच्या शाळेविषयी बोलणे पहिल्या मुलाखतीआधीच व्हावे. सध्याच्या कंपनीची नोटीस ९० दिवसांची असेल तर तीही रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगावी, आणि लेखी प्रस्ताव हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नये.