करवंट्यांचा सक्रिय कोळसा: घरी करा, पण तपासून घ्या

पाण्यातला रंग-वास ओढून घेणारा सक्रिय कोळसा करायला आमच्याकडे कोकणात करवंट्यांना तोटा नाही. काथ्या खरवडून उन्हात वाळवा आणि झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात भरून अंगणातल्या चुलीवर ठेवा. घरात मुळीच नको, विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो. भोकातून धूर यायचा थांबला की डबा उतरवा, पण पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडू नका. हवा लागली की कोळसा पेटतो.

हा झाला साधा कोळसा. कारखान्यात तो साधारण ८०० ते १००० अंशांवर वाफेने सक्रिय करतात, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडतात. चुलीवर ते जमत नाही. म्हणून मी कोळसा खलबत्त्यात जाड कुटून ३०० मिली पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवून त्यात दिवसभर भिजवते, निथळून पुन्हा डब्यात लालभडक तापवते आणि खारटपणा जाईपर्यंत धुते. माल कारखान्याच्या तोडीचा होत नाही.

म्हणूनच चाचणी हवीच. माशांच्या टाकीसाठी मिळणारं मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य पाण्यात फिकट निळं करून तीन बाटल्यांत सारखं ओता. एकीत काही नाही, दुसरीत साधा कोळसा, तिसरीत सक्रिय केलेला; दोन्ही बारीक पूड, अगदी एकाच वजनाची. तासभर अधूनमधून हलवा, कॉफीच्या कागदातून गाळा आणि पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा. सक्रिय कोळसा रंग जास्त ओढतो, म्हणून तिसरी सगळ्यांत फिकट दिसायला हवी; दुसरी-तिसरी सारखीच निळी दिसली, तर सगळी मेहनत फुकट.

पास झालेला कोळसाही रंग-वास ओढतो, जंतू मारत नाही आणि क्षारही काढत नाही. मी तो माशांच्या टाकीलाच वापरते, पिण्याच्या पाण्याला नाही.