नोकरी चालू असताना पीएफची पेन्शन कशी सुरू करावी

‘अजून कामावर आहे, मग पेन्शन कशी मिळेल?’ या समजापायी अनेक जण वय उलटून गेलं तरी अर्जच करत नाहीत. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ नुसार ५८ वर्षं पूर्ण झाली आणि किमान १० वर्षांची सेवा भरली की पेन्शन घेता येते. त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. पगार आणि पेन्शन दोन्ही सोबत मिळतात.

आधी सेवेची वर्षं तपासा. यूएएनच्या (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे नोकऱ्यांची नोंद, उघडा आणि प्रत्येक कंपनीची रुजू होण्याची व सोडण्याची तारीख नोंदली आहे का ते पाहा. जुन्या कंपनीचं खातं ट्रान्सफर केलं नसेल तर ते आत्ताच करा, नाहीतर तेवढी सेवा हिशेबात येत नाही. ट्रान्सफरनंतर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. पेन्शन त्या रकमेवर ठरतच नाही, सेवेची वर्षं आणि पगार यांवर ठरते. आधारवरची जन्मतारीख आणि पीएफची नोंद जुळत नसेल, तर कंपनीमार्फत जॉइंट डिक्लरेशन (कामगार आणि कंपनीचा संयुक्त अर्ज) देऊन दुरुस्ती करून घ्या. अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच.

आता आकडा काढा. सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. मात्र पगाराची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे आणि त्याआधीच्या सेवेला ६,५०० रुपयेच धरतात. सगळी वर्षं १५,००० ने गुणून मोठी पेन्शन मनात धरणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. समजा, सप्टेंबर २००६ ते ऑगस्ट २०२४ अशी १८ वर्षं पूर्ण मर्यादेवर वर्गणी भरली. पहिल्या ८ वर्षांचे ७४३ आणि पुढच्या १० वर्षांचे २,१४३, म्हणजे महिना सुमारे २,८८६ रुपये. सेवा २० वर्षं किंवा जास्त असेल तर २ वर्षं वाढवून मिळतात.

पन्नाशीनंतर लवकर पेन्शनही घेता येते, पण तेव्हा पीएफ लागू असलेली नोकरी सुटलेली असावी लागते. ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांची दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कायम राहते. घरखर्चाची अगदीच ओढाताण नसेल तर हा मार्ग टाळा. उलट ५८ नंतर ६० पर्यंत थांबलात तर दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते.

अपंगत्वाच्या पेन्शनचा नियम वेगळा आहे आणि तो फार कमी कामगारांना ठाऊक असतो. नोकरीत असताना कायमचं, पूर्ण अपंगत्व आलं तर १० वर्षांची अट नाही. एका महिन्याची वर्गणी पुरते. त्या वेळी जे काम करत होता, त्याला माणूस कायमचा असमर्थ झाला का, हे वैद्यकीय तपासणीत ठरवतात. अपंगत्व नोकरीच्या काळातलं असायला हवं, म्हणून घाईने राजीनामा देऊ नका. आधी रुग्णालयाची सगळी कागदपत्रं तारखांसह जमवा.

अर्ज फॉर्म १०-डी वर करायचा, ऑनलाइन किंवा कंपनीमार्फत. ई-नॉमिनेशनमध्ये (ऑनलाइन वारसनोंद) जोडीदार आणि मुलांची नावं आधीच भरून ठेवा, कारण पुढे कुटुंब पेन्शन त्याच नोंदीवरून मिळते. जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेच्या शाखेतून पेन्शन घेता येते.

पेन्शन सुरू झाल्यावर कामावर असाल तर पासबुक पुन्हा पाहा. ५८ नंतर मालकाचा पूर्ण वाटा पीएफमध्ये जायला हवा. ६० पर्यंत थांबण्याचा पर्याय न घेताही पेन्शनच्या रकान्यात दरमहा १,२५० पडत असतील, तर पगार विभागाला लेखी कळवून ते थांबवा. आणि हयातीचा दाखला दर १२ महिन्यांनी द्या, तो चुकला की पेन्शन थांबते. फोनवर चेहरा दाखवूनही तो देता येतो.