जुन्या लोखंडावरचं वेल्डिंग तपासताना या चुका टाळा

वेल्डिंगचा टाका सुरेख बसलाय, लहरी सारख्या अंतरावर आहेत, स्लॅग (टाक्यावरची काचेसारखी मळी) एका ठोक्यात निघाला. मग घणाचे दोन फटके हाणायचे आणि काही तुटलं नाही की ‘काम पक्कं’ म्हणायचं. अशी तपासणी इतक्यांदा पाहिली आहे की आता कुणी घण उचलला की मी तिथून निघूनच जातो. जुन्या कामात बहुतेक वेळा टाका टिकतो. तडकतं ते टाक्याला लागून असलेलं, तापून गार झालेलं दोन-तीन मिलिमीटरचं मूळ लोखंड. तिथे कुणी बघत नाही.

काम गार झालं की लगेच तपासणं

या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे. एका जुन्या सांगाड्याला चेनकप्पी टांगायची होती. भंगारात भोक पाडलेली एक जाड पट्टी सापडली, ती घासली आणि पावसाळी हवेत उघड्या पडलेल्या पाकिटातल्या रॉडने लावून टाकली. संध्याकाळी डीपी टेस्ट केली, म्हणजे चिरेत रंग मुरवून ती पांढऱ्या पावडरीवर लाल उमटते का ते पाहिलं. लाल रंग, पुसणं, पांढरी पावडर, सगळं रीतसर. एकही लाल रेघ नाही. मी खडूने ‘ओके’ लिहिलं आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन अडकवायच्या आधी सहज नजर गेली. पावडर पुसायची राहिली होती, आणि त्या पांढऱ्या थरात टाक्याच्या कडेकडेने केसाएवढी काळी रेघ, चार बोटं लांब. टाका जसाच्या तसा. पट्टी त्याच्या शेजारी फाटली होती.

ती पट्टी म्हणजे जुन्या गाडीचा स्प्रिंगचा पाटा निघाला. गंज आणि रंगाखाली पाटा आणि साधी पट्टी सारखीच दिसते. पाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के, साध्या पट्टीत बहुधा 0.25च्या आत. जास्त कार्बनचं लोखंड टाक्याजवळ झपकन गार झालं की काचेसारखं कडक होतं. ओल्या रॉडमधून, गंजातून, तेलातून हायड्रोजन आत शिरतो. टाका आकसताना ओढ बसते आणि चीर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही उघडते. म्हणजे संध्याकाळची टेस्ट खोटी नव्हती, चीर तेव्हा पडलीच नव्हती.

तेव्हापासून शेवटची तपासणी 48 तासांनंतर. खडूने आता ‘ओके’ऐवजी तारीख आणि वेळ लिहितो. 7018 रॉड (कमी हायड्रोजनचा) डब्यावर सांगितल्याप्रमाणे भट्टीत भाजून घेतो. आणि वजन उचलायच्या कामाला पाटा लावतच नाही, कुणी कितीही ‘चालतंय हो’ म्हणालं तरी.

नमुना नव्या प्लेटवर करणं

रॉड आणि करंट जमलाय का, हे पाहायला लोक कोपऱ्यातली नवी प्लेट घेतात, तिच्यावर टाका मारतात, वाकवतात आणि खूश होतात. त्याने तुमचा हात कळला. जुनं लोखंड कुठे कळलं? नमुन्याचा तुकडा त्याच जुन्या मालाचा हवा, जिथे ताण नाही अशा टोकाचा कापलेला. दोन तुकडे टी आकारात उभे करा, एकाच बाजूने टाका मारा आणि गार झाल्यावर उभा तुकडा टाक्याच्या बाजूला पाडा, म्हणजे टाक्याचा तळ उघडेल. तुटल्या जागी स्लॅग, भोकं किंवा न वितळलेली सरळ कड दिसली की करंट आणि हात दोन्ही पुन्हा बघा. टाका अखंड राहून लोखंडाचा पापुद्राच निघून आला, तर माल थरांचा आहे. 19व्या शतकातल्या घडीव लोखंडात असे स्लॅगचे धागे असतात. तुकड्याला खाच मारून वाकवलं तर ते लाकडासारखं तंतूतंतूने फाटतं. अशा पट्टीच्या अंगावर कडी लावून ओढू नका, ओढ थरांच्या दिशेने जाईल असा जोड बांधा.

ग्राइंडरच्या ठिणग्या बघायला एक मिनिट लागतं. शेजारी ओळखीच्या साध्या लोखंडाचा तुकडा धरा. ठिणग्या त्याच्याहून जास्त आणि दाट फुटत असतील तर कार्बन जास्त. आखूड, मंद लाल असतील तर बीड (ओतीव लोखंड), आणि मग हा रॉडच ठेवून द्या.

बाकीच्या चुका

डीपीचा क्लीनर थेट कामावर फवारू नका, चिरेतला रंगही धुऊन निघतो. फडक्यावर घेऊन पुसा.

तपासायच्या आधी ग्राइंडर दाबून फिरवलात तर चिरेचं तोंड लिंपलं जातं.

चुंबक लावून लोखंडी भुकटीने चीर शोधताना मॅग्नेटचं योक (दोन पायांचं चुंबक) एकाच दिशेने ठेवून भागत नाही. चुंबकरेषांना समांतर असलेली चीर दिसत नाही, म्हणून दुसऱ्यांदा आडवं ठेवा.

एक्स-रेमध्ये भोकं छान दिसतात, पण तिरकी, बारीक चीर सहज निसटते.

एकदा वजन पेललं म्हणजे कायमचं पेलेल, असं धरू नका. ‘शेनेक्टडी’ हे वेल्डिंगने जोडलेलं अमेरिकन तेलवाहू जहाज समुद्रातल्या चाचण्या पार करून आलं आणि 16 जानेवारी 1943 रोजी शांत पाण्यात, थंड हवेत, धक्क्याला उभं असताना मधोमध फाटलं. जुनं लोखंडही थंडीत असंच ठिसूळ होऊ शकतं. दुपारच्या उन्हात घेतलेली लोड टेस्ट पहाटेच्या गारठ्याबद्दल काही सांगत नाही.