इंटरव्ह्यूत फॅक्टर ऑफ सेफ्टी विचारला तर

डिझाइनला येणाऱ्या नव्या मुलांच्या इंटरव्ह्यूला मला बसवतात. फॅक्टर ऑफ सेफ्टीची व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ असते: ताकद भागिले प्रत्यक्ष येणारा स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं बल). मग मी विचारतो, ताकद कोणती? इथे बरेच जण अडखळतात.

आयएस २०६२ या भारतीय मानकातलं ई२५० स्टील घ्या. यील्ड (ज्या स्ट्रेसला ते कायमचं ताणलं जाऊ लागतं) २५० एमपीए (स्ट्रेसचं एकक), अल्टिमेट (तुटण्याआधी सोसलेला कमाल स्ट्रेस) ४१०. पार्टमध्ये १०० एमपीए स्ट्रेस असेल तर यील्डवर फॅक्टर २.५ येतो, अल्टिमेटवर ४.१. पार्ट तोच, लोडही तोच. म्हणून नुसतं 'फॅक्टर ४ आहे' कुणी म्हटलं, की कशावर ते विचारायचंच. कास्ट आयर्नला ठळक यील्ड नसतो, तिथे अल्टिमेटवरच काढतात.

दुसरी गोष्ट शॉपफ्लोअरवर कळते. दोन टनांच्या हिरव्या पॉलिस्टर स्लिंगच्या (वजन उचलायच्या पट्ट्याच्या) टॅगवर ७:१ लिहिलेलं असतं. ते वाचून 'चौदा टन उचलेल की' म्हणणारा एक तरी भेटतोच. तो सातचा फॅक्टर झीज, कडेला बसलेला काप, ऊन, झटका यांच्यासाठी राखलेला आहे. तो जॉबच्या (उचलायच्या वस्तूच्या) वजनाला वापरायचा नाही. दोन टनांचा जॉब दोन स्लिंगांनी उचलताना त्या आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकीवर सुमारे १.१५ टन येतात; ३० अंशांत पूर्ण दोन टन. हा कोन मोजता येतो, तेव्हा तो हिशोबात लोडमध्येच धरायचा. 'फॅक्टर आहे, सांभाळून घेईल' म्हणून सोडायचा नाही.

फॅक्टर किती, हे बेभरवसा कुठे आहे त्यावर ठरतं. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या मानकात काँक्रीटला १.५, सळईला १.१५. सळई कारखान्यातून तपासून येते, काँक्रीट साइटवर कोण कसं मिसळेल, देव जाणे! (सळईच्या हिशोबातलं ०.८७ एफवाय, म्हणजे यील्डच्या ०.८७ पट, पाठ केलंय ना? ते १ भागिले १.१५ आहे.) विमानाच्या सांगाड्याला साधारण १.५ वर भागवतात, कारण तिथे वजन परवडत नाही. त्याची भरपाई कसून चाचण्या आणि नियमित तपासणी करून होते.

शेवटी मी बहुधा फिरत्या शाफ्टचा विषय काढतो. प्रत्येक फेऱ्याला स्ट्रेस उलटसुलट होतो, त्यामुळे तिथे तुलना एंड्युरन्स लिमिटशी (असंख्य फेऱ्यांनंतरही पार्ट तुटत नाही त्या स्ट्रेसशी) करावी लागते. सडपातळ कॉलम तर यील्डच्या बऱ्याच आधी बकल होतो, म्हणजे बाजूला वाकून कोसळतो; त्याला यील्डचा २५० चा आकडा लावून काहीच कळत नाही.