फेसलिफ्टचा विचार करताना: शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

सर्वांत आधी दिवसाच्या उजेडात आरशासमोर बसून, चेहऱ्यातले नेमके काय खटकते ते कागदावर लिहून काढावे, कारण फेसलिफ्टची शस्त्रक्रिया संपूर्ण चेहऱ्यासाठी नसते. ओघळलेले गाल, जबड्याच्या रेषेवर लोंबणारी त्वचा आणि सैल पडलेला गळा यांवर तिचा उपयोग होतो. कपाळावरच्या आठ्या, जड झालेल्या पापण्या, वरच्या ओठावरच्या बारीक रेषा किंवा उन्हाने पडलेले डाग तिने जात नाहीत, त्यांचे उपचार वेगळे आहेत. कानापुढची त्वचा बोटांनी मागे ओढून ‘असे दिसायला हवे’ असे ठरवणेही दिशाभूल करणारे ठरते. त्वचेखाली ‘स्मास’ नावाचा, स्नायू आणि तंतूंचा एक थर असतो. मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी १९७६ साली त्याचे वर्णन केले आणि तेव्हापासून पुष्कळशा पद्धतींमध्ये ओढ या थरावर दिली जाते, वरची त्वचा मात्र ताण न देता बसवली जाते. केवळ त्वचा ओढली तर व्रण रुंदावतात, कानाची पाळी खाली खेचली जाते आणि चेहरा ताणलेला दिसतो. म्हणून आपल्या बाबतीत कोणता थर उचलणार, छेद नेमका कोठून कोठपर्यंत जाणार आणि केसांची रेषा किती सरकणार, हे सर्जनकडून प्रत्यक्ष चेहऱ्यावर दाखवून घ्यावे. पुरुषांनी आणखी एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे दाढीची त्वचा कानाच्या किती जवळ येईल.

सर्जनची प्लास्टिक सर्जरीतील पात्रता आणि नोंदणी स्वतः तपासावी. त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांची छायाचित्रे पाहताना ती आधी आणि नंतर एकाच प्रकाशात, एकाच कोनातून घेतलेली आहेत का, आणि कानामागचा व्रण त्यांत दिसतो का, याकडे लक्ष द्यावे. भूल कोण देणार आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्यास खर्च कोणाचा, हेही आधीच विचारून घ्यावे. या प्रश्नांनी नाराज होणाऱ्या डॉक्टरांकडे आपला चेहरा सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तयारीचा सर्वांत मोठा भाग मात्र रक्ताशी निगडित आहे. शस्त्रक्रियेत त्वचा खालच्या थरापासून सुटी केली जाते आणि पुढचे काही दिवस तिला कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांतून येणाऱ्या रक्तावरच तग धरावा लागतो. निकोटिनमुळे नेमक्या याच वाहिन्या आकुंचन पावतात. मग कानामागची त्वचा, जिथे रक्त सर्वांत शेवटी पोहोचते, काळी पडून मरू शकते आणि तिथे कायमचा व्रण राहतो. त्यामुळे धूम्रपान किमान ४ आठवडे आधी आणि तितकेच दिवस नंतर पूर्ण बंद हवे. चघळण्याची तंबाखू, व्हेप (ई-सिगारेट), निकोटिनचे पॅच आणि च्युइंगम यांतही निकोटिन असते, म्हणून त्यांच्याबद्दलही सांगावे. हे डॉक्टरांपासून लपवणे म्हणजे स्वतःच्याच चेहऱ्याशी खेळणे होय.

दुसरी बाजू रक्तस्रावाची. त्वचेखाली रक्त साचणे ही या शस्त्रक्रियेनंतरची सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत असून, ती बहुधा पहिल्या २४ तासांत उद्भवते. उच्च रक्तदाब असलेल्यांत आणि पुरुषांत तिचे प्रमाण जास्त असते. रक्तदाब आधीच्या काही आठवड्यांपासून आटोक्यात असायला हवा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसूण किंवा जिन्को या वनस्पतीची पूरके यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ‘साधी गोळी आहे’ असे समजून एकही नाव न वगळता सगळी यादी लेखी द्यावी. हृदयविकारासाठी किंवा रक्त पातळ करण्यासाठी दिलेले औषध मात्र स्वतःच्या मनाने कधीही थांबवू नये. ते ज्या डॉक्टरांनी दिले त्यांचा आणि सर्जनचा एकत्रित निर्णय हवा. मधुमेह, पूर्वी उंच वाढलेले व्रण, आधी घेतलेले फिलर (सुरकुत्या भरण्यासाठीची इंजेक्शने) किंवा त्वचा उचलण्यासाठी घातलेले धागे यांचीही नोंद याच यादीत करावी.

घरच्या तयारीला फार वेळ लागत नाही. पहिल्या रात्री सोबतीला प्रौढ व्यक्ती हवी, डोके उंच ठेवून झोपण्याची सोय हवी आणि डोक्यावरून काढावे न लागणारे, पुढे बटणे असलेले कपडे हवेत. केस रंगवायचे असतील तर ते आधीच उरकावे, कारण नंतर काही आठवडे रंग लावता येत नाही. कान आणि गालाची त्वचा काही महिने बधिर राहू शकते; हेअर ड्रायरची गरम हवा किंवा थेट ठेवलेला बर्फ जाणवत नाही आणि कान भाजल्याचे किंवा बर्फाने इजा झाल्याचे उशिरा कळते.

महत्त्वाचे कार्यक्रम त्या काळात ठेवू नयेत. सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, जड व्यायाम ४ ते ६ आठवडे टाळावा लागतो आणि व्रण फिकट व्हायला वर्ष लागू शकते. सुजलेला, अनोळखी चेहरा पाहून पहिल्या आठवड्यात मन खचते. हे अनेकांचे होते आणि घरच्यांनाही ते आधी सांगून ठेवावे. ओठाचा कोपरा किंवा भुवई हलवणाऱ्या चेतातंतूला धक्का बसल्यास तो भाग काही काळ कमजोर राहतो, क्वचित कायमचाही.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी रात्री-अपरात्री फोन कोण उचलणार आणि कोणत्या रुग्णालयात जायचे, हे लिहून घ्यावे. एकाच बाजूला अचानक वाढणारी वेदना आणि घट्ट होत जाणारी सूज ही त्वचेखाली रक्त साचल्याची खूण असू शकते; ती दिसली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी तो क्रमांक लावायचा असतो.